बैल बसला की गाडी पुढे

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विषय सांगितला, "तुमच्या कामाबद्दल लिहा." मी विचारलं, "कुठल्या कामाबद्दल? करत होते त्या, की हल्ली करते त्या?" ते हसले. त्यांना वाटलं मी भाव खातेय. पण प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर द्यायला मला एवढी पानं लागणार आहेत.

मी प्रोग्रॅमर आहे. बेळगावच्या कॅम्पात एका जुन्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत माझं ऑफिस आहे. पाटीवर 'कॉम्प्युटर' हा शब्द असल्यामुळे सुरुवातीची काही वर्षं लोक जिना चढून काहीही घेऊन यायचे. कुणी बंद पडलेला रेडिओ, कुणी घड्याळ. एका सुभेदारांच्या मिसेस तर मिक्सर ठेवून गेल्या आणि संध्याकाळी "झाला का?" म्हणून हजर. तो मी खरंच दुरुस्त केला होता, आतली वायर तुटली होती. कॅम्पात माझं नाव झालं ते त्या मिक्सरमुळे.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर म्हणजे अतिशय आज्ञाधारक आणि तितकाच मठ्ठ गडी. त्याला नुसतं "पाणी आण" म्हणून चालत नाही. कुठलं भांडं, कुठला नळ, नळाला पाणी नसलं तर काय करायचं, भांडं आधीच भरलेलं असलं तर काय, हे सगळं आधी बसून त्याच्या भाषेत लिहून द्यावं लागतं. हे लिहून देणं म्हणजे प्रोग्रॅमिंग. एखादी शक्यता विसरलात तर गडी नळाखाली वर्षभर उभा राहील, पण तोंडातून ब्र काढणार नाही.

ऐकायला हे काम कंटाळवाणं वाटतं. पण मी ते जन्मभर हौसेनं केलं. एखाद्या माणसाच्या धंद्यातला गुंता आपल्या डोक्यात शिरतो, चारपाच दिवस छळतो आणि मग अचानक एका सकाळी त्याचं टोक हाताला लागतं. पुढे नुसतं ओढत जायचं. त्या वेळी जेवणाचा डबा तसाच राहतो, खालच्या रस्त्यावरून पलटणीचा बँड गेला तरी कळत नाही. त्यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, आणि मी संसार केलेली बाई आहे.

आमच्या भागात या कामाला एक खास फोडणी असते. बिल कुठल्या भाषेत छापायचं? गिऱ्हाइकाला मराठी हवं, तपासायला येणाऱ्या साहेबाला कन्नड हवं, आणि गिऱ्हाइकाच्या पुण्यातल्या जावयाला इंग्रजी. मी तिन्ही ठेवायची आणि आकडे इंग्रजीत टाकायची. आकड्यांवरून आजवर कुणी मोर्चा काढलेला नाही.

मी मूळची निपाणीची. माझी आई विड्या वळायची. विडी ही काही चांगली वस्तू नव्हे, आईच्या छातीत शेवटपर्यंत तंबाखूची धूळ होती. पण तिचे हात बघण्यासारखे होते. भिजवलेलं पान मापाच्या पत्र्याखाली धरायचं, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक मुडपलं, दोरा. गप्पा चालू, डोळे दाराकडे, आणि मांडीवरच्या सुपात विड्या पडतायत. संध्याकाळी त्या कारखान्यात द्यायच्या. तिथे एक मुकादम बसायचा. तो ओंजळभर विड्या उचलून बोटांनी चाचपायचा, ढिली वाटली की बाजूला फेकायचा. याला छाट म्हणत. बायका त्याला मनातून शिव्या देत. माझी आई मात्र कधी चिडली नाही. ती म्हणायची, "त्याचा कसला राग करायचा गं? दिवसभर दुसऱ्याच्या विड्या चाचपायच्या. सोता एकबी वळायची न्हाय. लई वाईट जिणं त्येचं."

मला तेव्हा हे वाक्य आईच्या भाबडेपणाचा नमुना वाटायचं. ते पुढे माझ्याच वाट्याला येणार आहे हे कसं कळावं?

माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात लहरी होते निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी. जैन, सडपातळ, पांढरी टोपी, स्वतः सुपारीचं खांडही न खाणारे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या वखारीसाठी मी मालाचा प्रोग्रॅम करत होते. कुणाचा माल, कुठल्या गावचा, पान केवढं, ओल किती, असे रकाने ठरले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आक्का, वासाचा रकाना कुठं हाय?"

मी म्हटलं, "वास आकड्यात कसा लिहिणार, आप्पा?"

"आकड्यात कोण म्हणतंय? मी बोलतो तसा लिवायचा."

मी रकाना दिला, आणि त्यात हवं तेवढं लिहिता येईल अशी सोय केली. पुढे कधी वखारीत गेले की तो रकाना वाचणं हा माझा चाळा झाला. 'नव्या मडक्यासारखा.' 'पावसात भिजलेल्या घोंगडीचा.' 'चांगला, पण मागनं कडू.' एका पोत्यासमोर नुसतं 'माहेरचा' असं लिहिलं होतं. मी विचारलं, "कुणाच्या?" तर आप्पा लाजले आणि कन्नडमध्ये दिवाणजींशी भलतंच काही बोलू लागले. गंमत म्हणजे त्या रकान्यावरून ते पोतं न उघडता भाव सांगत आणि सहसा चुकत नसत.

आता उसाकडे येते, कारण या लेखाचं ओझं उसाच्याच एका गाडीवर आहे.

संकेश्वरच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या यार्डाचं काम मला मिळालं. हंगामात यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टरची वेगळी, बैलगाड्यांची वेगळी. आल्याप्रमाणे नंबर मिळतो, नंबराप्रमाणे गाडी काट्यावर जाते, वजन होतं, मग ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर. माझा प्रोग्रॅम हे नंबर सांभाळणार होता. मी तो अगदी चोख लिहिला. ज्याचा नंबर आधी तो आधी, वशिला बंद. कारखान्याचे साहेब खूश होते.

मोळी टाकून हंगाम सुरू झाला, त्या पहिल्याच दुपारी रांगेतला एक बैल बसला. गुडघे टेकले आणि जुवासकट खाली. मी काट्याच्या खिडकीतून बघत होते. कुणी आरडाओरडा केला नाही. पुढच्या गाडीवाल्यानं आपली गाडी बाजूला घेतली, त्याच्या पुढच्यानं घेतली, आणि बघता बघता काट्यापर्यंत वाट मोकळी झाली. चार जणांनी बैल उठवला, गाडी काट्यावर आणली. आणि माझ्या प्रोग्रॅमनं वजन घ्यायला नकार दिला. नंबर चुकला होता.

गाडीवाले हटायला तयार नाहीत, कॉम्प्युटर मानायला तयार नाही. सगळं यार्ड अडून बसलं. काट्यावरच्या कारकुनानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, बैल बसला की गाडी पुढं, ही रीत हाय हितली. तुमाला कुणी सांगितली न्हाय?" मला कुणी सांगितली नव्हती, कारण ती सांगायची गोष्ट आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं. घरात चपला काढून यायचं असं आपण पाहुण्यांना सांगतो का?

मी तिथेच बसून प्रोग्रॅम बदलला. कारकुनानं 'ब' हे एक बटण दाबलं की ती गाडी सगळ्यांच्या पुढे. साहेबांना हे पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, कारण लिहून घ्या, खात्री करून घ्या, उद्या सगळेच बैल बसवतील. मी अडून बसले. अख्खी रांग बघत असते, तिथे बैलाच्या नावानं खोटं बोलणारा गाडीवाला पुढच्या हंगामात कुणाच्या शेजारी गाडी लावणार? साहेब शेवटी कंटाळून हो म्हणाले. प्रोग्रॅममध्ये प्रोग्रॅमरनं स्वतःसाठी शेरे लिहून ठेवायचे असतात, कॉम्प्युटर ते वाचत नाही. तिथे मी लिहिलं, 'बैल बसला की गाडी पुढे. कारण विचारायचं नाही.' माझ्या सगळ्या कामातलं मला सर्वांत आवडलेलं काम कुठलं असं कुणी विचारलं, तर ते हे एक बटण.

तेव्हापासून कुठलंही नवं काम घेतलं की ओळ लिहिण्याआधी मी त्या जागी जाऊन नुसती उभी राहायला लागले. माझ्या हाताखाली जी पोरं शिकली त्यांनाही आधी उभं केलं. पोरं शिकली की हायवेला लागायची, काही पुण्याच्या दिशेनं, काही बेंगळुरूच्या. टिकली ती एकटी भारती.

भारती खानापूरकडच्या एका खेड्यातली. घरची भातशेती, भाऊ बेळगावात फौंड्रीत. ती रोज एसटीनं यायची, म्हणजे इकडच्या लाल बसनं, आणि दाराशी छत्री आपटून पहिलं वाक्य म्हणायची, "मॅडम, बसमधी सुचलं." हिला नेहमी बसमध्येच सुचायचं. आमच्या ऑफिसात एक रिवाज होता. ज्याचा प्रोग्रॅम पहिल्यांदा बिनचूक चालला, त्यानं खालच्या बेकरीतून गरम खारी आणायची. भारती इतक्यांदा जिना उतरायची की बेकरीवाला तिला बघितलं की न विचारता पुडी बांधायचा. खारी खाताना ती आपला प्रोग्रॅम मला पहिल्यापासून समजावून सांगायची, कुठे अडली, कसं सुटलं. कपड्यांवर चुरा सांडायचा आणि तिचे डोळे असे चमकायचे की मला माझं तरुणपण आठवायचं. मला मूल नाही. माझ्यामागे हे काम ही करणार, असं मी मनात धरून चालले होते.

मग ते एआय आलं. ते पहिल्यांदा भारतीनंच दाखवलं. आपण साध्या मराठीत सांगायचं आणि समोर प्रोग्रॅम लिहून तयार. मठ्ठ गडी एकाएकी हुशार झाला होता. भांडं, नळ, सगळं त्याचं त्याला कळायला लागलं. आम्ही दोघी त्या दिवशी लहान मुलींसारख्या खिदळलो. एका शाळेचं काम होतं, आठवडाभर पुरलं असतं. चहा गार व्हायच्या आत झालं आणि पहिल्याच फटक्यात चाललं. भारती सवयीनं उठली, जिन्यापर्यंत गेली, आणि परत आली.

"मॅडम, खारी कुणी आणायची?"

मी हसले. ती हसली नाही. त्या दिवशी खारी आली नाही, आणि नंतरही येईनाशी झाली.

काम कमी झालं म्हणून मी हे रडगाणं गात नाही, ते झालंच. आप्पा आता नाहीत, त्यांचा मुलगा वखार बघतो. त्यानं एका दुपारी घरबसल्या नवा प्रोग्रॅम करून घेतला आणि मला कौतुकानं फोन केला. मी विचारलं, "वासाचा रकाना ठेवलास?" तो म्हणाला, "त्यानं विचारलंतं आक्का, ह्यो रकाना ठेवू काय म्हणून. मीच नको म्हटलं. आता लॅबचा रिपोर्ट येतोय की. वास कोण घेतंय?" मशीन विचारतं आणि माणूस नको म्हणतो. यात मशीनला बोल लावायला जागा राहत नाही.

जे काम उरलं ते असं, त्यानं लिहायचं आणि आम्ही तपासायचं. एका पाठोपाठ एक त्याच्या ओळी बघायच्या, कुठे ढिली वाटतेय का चाचपायची, वाटली तर बाजूला टाकायची. बहुतेक वेळा ढिली नसतेच. दिवस संपतो तेव्हा डोळे दुखतात आणि हात मात्र ताजे असतात. एकदा असंच बोट पडद्यावर फिरवताना मला आईचा तो मुकादम आठवला. जन्मभर विड्या वळल्या आणि उतारवयात छाट करायला बसवलं.

मी तरी माझ्या वाटणीच्या वळून घेतल्या होत्या. भारतीचं वय तिशीच्या अलीकडे. ती आता बसमध्ये काही सुचलं असं म्हणत नव्हती. छत्री कोपऱ्यात ठेवून गप बसायची. एक दिवस म्हणाली, "काम हुतंय मॅडम, न्हाय असं न्हाय. पण सकाळी यायला पाय उचलत न्हाय."

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी साखर कारखान्यानं यार्डाचा प्रोग्रॅम नव्यानं करायला सांगितला. माझा जुना झाला होता, नव्या यंत्रांवर कुरकुरत होता. काम मी भारतीवर सोपवलं. तिला मी पूर्वी त्या यार्डात उभं केलं होतं, बैलाची गोष्ट तिला पाठ होती. माझा जुना प्रोग्रॅम मशीनला द्यायचा आणि नवा करून घ्यायचा, असं ठरलं. भारतीचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला. म्हणाली, "बैलाचं मी सांगीन त्येला. त्येला काय ठावं असणार?" मलाही तेच वाटलं. इथे तरी आपली गरज लागेल.

दुसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली, "मॅडम, बघा की." पडद्यावर नवा प्रोग्रॅम तयार होता आणि वर मशीननं मराठीत टीप लिहिली होती. जुन्या प्रोग्रॅमवरून असं दिसतं की बसलेल्या बैलाची गाडी कारण न विचारता पुढे घेण्याची यार्डात रीत आहे, ती तशीच ठेवली आहे. मी स्वतःपुरता लिहिलेला शेरा त्यानं वाचला होता. पुढे आणखी एक ओळ होती. एखाद्या दुपारी असे बैल जास्त बसू लागले तर बहुधा यार्डात पाणी कमी पडत असेल; तशी सूचना कारखान्याला आपोआप जावी का?

आम्ही हो म्हटलं. हे मला इतक्या हंगामांत सुचलं नव्हतं. बैल बसल्यावर काय करायचं ते मी लिहिलं. तो बसू नये म्हणून काय करावं, हे त्यानं विचारलं. मी खुर्चीत बसले. मला राग येत नव्हता, अभिमानही वाटत नव्हता. घरात आपण वाढवलेलं कुणी आपल्यापेक्षा शहाणं निघावं, आणि ते आपलं कुणीच नसावं, असं काहीतरी.

भारती पडद्याकडे बघत म्हणाली, "मी सांगणार हुते मॅडम. काल बसमधी सगळं मनात जुळवून ठिवलंतं, कसं सांगायचं ते." मग पडदा बंद करून, "मी हे सोडू काय?"

'थांब' म्हणण्याइतकं माझ्या हातात काही नव्हतं, आणि 'जा' म्हणवत नव्हतं. ती गेली म्हणून ऑफिस बंद पडलं नसतं, तेवढं काम एकटीनं झालं असतं. पण माझ्या जन्माच्या कामात दुसऱ्या कुणाला सुख मिळतं, याचा शेवटचा पुरावा जिना उतरून गेला असता. मी वेळ मारून नेली. म्हटलं, "हंगाम सुरू होऊ दे. आपण यार्डात जाऊन उभ्या राहू. मग ठरव."

मोळी टाकून पंधरा-वीस दिवस झाल्यावर एका सकाळी आम्ही दोघी बसनं संकेश्वरला उतरलो आणि पुढे रिक्षा करून यार्डात पोचलो. रस्त्यात मी काहीबाही बोलत होते, पण खरं सांगायचं तर नवा प्रोग्रॅम बंद पडावा असं माझ्या मनात होतं. निदान अडखळावा. मी खिडकीशी उभी राहिले, पहिल्या हंगामात राहिले होते तशी.

यार्डात उसाचा गोडसर आंबूस वास, चिपाडं, घुंगरांचा आवाज. ऊन तापलं. आणि दुपारी मागच्या एका गाडीचा बैल बसला. पुढची गाडी बाजूला झाली, तिच्या पुढची झाली. तीच रीत, तशीच वाट. नव्या कारकुनानं 'ब' दाबला, पडद्यावर ती गाडी अलगद वर सरकली, काट्यानं वजन घेतलं. कुठेही काही अडलं नाही. काट्यापलीकडे पाण्याची एक नवी टाकी होती. मी कारकुनाला विचारलं, ही कधी झाली? तो म्हणाला, "ह्याच साली मॅडम. कॉम्प्युटरनं सांगितलं म्हणं." गाडीवाल्यानं जू उतरवलं. बैलानं टाकीत तोंड घातलं आणि कितीतरी वेळ बाहेर काढलंच नाही. त्याच्या मानेवरचं कातडं थरथरत होतं.

ते बघताना माझ्या आतला पीळ सुटला. मला वाटलं, उत्तर सापडलं. मी भारतीला म्हटलं, "बघ. आपण करत होतो ते ह्याच्यासाठी. प्रोग्रॅम मी लिहिला, तू लिहिलास की मशीननं, त्या बैलाला काय करायचंय? त्याला पाणी मिळालं. आपल्या कामाचा अर्थ हाच होता, तो कुठे गेलाय?"

भारती बैलाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात, मला दुखवायचं नाही अशा बेतानं म्हणाली, "बैलाचं भागलं मॅडम. लई चांगलं झालं. पण माझं न्हाय भागलं."

इतकी वर्षं मी अर्थ आणि आनंद एकाच जोडीचे बैल समजत होते. अर्थ पाण्यावर पोचला होता. आनंद मागे रांगेत बसला होता, आणि त्याच्यासाठी कुणाला गाडी बाजूला घेता येणार नव्हती. परतीच्या बसमध्ये भारती खिडकीशी बसली होती. तिला काही सुचलंय का, असं मी विचारलं नाही.

संक्रांतीनंतर ती गेली. आता खानापुरात एका पतसंस्थेच्या काउंटरवर आहे. म्हणते, लोक येतात, बोलतात, भांडतात, दिवस जातो. तिची खुर्ची मी हलवलेली नाही.

हा लेख लिहायला बसले त्याच्या आदल्या आठवड्याची गोष्ट. पाऊस लागून राहिला होता आणि तपासायला काही नव्हतं. मी कोरा पडदा उघडला, एआय बंद ठेवलं, आणि यार्डाचा तोच प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून हातानं लिहायला घेतला. जो तिकडे उत्तम चाललाय, जो कुणी मागितलेला नाही. बोटं जड झाली होती. साध्या साध्या चुका झाल्या, बैलगाडी दोनदा ट्रॅक्टरच्या रांगेत घुसली. रोज सकाळी थोडा लिहीत गेले. गेल्या शुक्रवारी तो चालला. 'ब' दाबला आणि गाडी पुढे गेली. डबा तसाच राहिला होता.

मी जिना उतरले. बेकरीवाल्यानं मला बघून न विचारता पुडी बांधली, दोघींच्या मापाची. वर येऊन भारतीला फोन लावला.

"चालला," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"माझा. हातानं लिहिला."

"कुणासाठी मॅडम?"

"कुणासाठी नाही."

पलीकडे पतसंस्थेतली बोलणी ऐकू येत होती, कुणीतरी पासबुक मागत होतं. भारतीनं विचारलं, "खारी आणली?"

"आणली. गरम आहे."

तिनं आधी त्याला पासबुक दिलं. मग म्हणाली, "माझ्या वाटणीची ठिवा."

येते असं म्हणाली नाही. मी तिच्या वाटणीची डब्यात घालून झाकण घट्ट लावलं, पण बेळगावच्या पावसात खारी मऊ पडतेच.